शेवटची दहा मिनिटं

मंडळी, मी नागपूर सोडलं त्या दिवशी आपल्या फिल्म क्लबचे सर विमानतळावर आले होते, आठवतंय ना? हातात गुलाब आणि स्वतःचं नवंकोरं पुस्तक, 'अनेक आशीर्वाद' लिहून सही केलेलं. मी बावळट, वाकून नमस्कारही केला. विमानात पुस्तक उघडलं आणि अंगाचा तिळपापड झाला. युरोपियन सिनेमांवर मी क्लबसाठी दर महिन्याला लिहिलेली परिचयाची पानं, खुनाच्या थरारपटांपासून इमारतींवरच्या माहितीपटांपर्यंत, सगळी त्यांच्या नावावर. आभारातही मी नाही.

इंग्लंडला पोचल्यावर लेस्टरहून आईला फोन केला तर म्हणे, "जाऊ दे गं. मोठ्या माणसाशी वैर कशाला?" जाऊ दे काय, जाऊ दे! तिकडे तुम्ही त्यांचे सत्कार करत होतात आणि इकडे हॉस्पिटलमधली एक्स-रेची शिफ्ट संपवून, बस स्टॉपवर कुडकुडत मी त्यांचे शाल-श्रीफळाचे फोटो बघत होते. नागपूर आठवलं की आधी संताप यायचा, मग तुम्ही.

आता एक कबुली. सिमेंटच्या ग्रंथालयावरचा तो माहितीपट आठवतोय? निवेदन नाही, संवाद नाही, कॅमेरा नुसता जिन्यांवरून फिरतो. पान लिहायला डिस्क मला शोच्या आदल्या दिवशी घरी मिळायची. ती शेवटची दहा मिनिटं राहिली असताना अडकली. सकाळी पान छापायला द्यायचं होतं, म्हणून मी शेवट दिला ठोकून: म्हातारी सफाईवाली पडदा सारते आणि टेबलांवर ऊन पसरतं. शोमध्येही डिस्क तिथेच अडकली. तुम्ही सगळे माझं ऊन घेऊन घरी गेलात. पुस्तकात सरांनी त्यावर स्वतःचं एकच वाक्य जोडलंय, 'ते ऊन पाहून माझे डोळे पाणावले.'

गेल्या महिन्यात सर इकडे मेडनहेडला लेकीकडे आले. मला मेसेज, "अगं, तुमच्या ग्रुपसमोर बोलायला आवडेल." आमचा मराठी ग्रुप कौन्सिलच्या हॉलमध्ये सिनेमे बघतो. मी लगेच हो म्हटलं. सिनेमा मी निवडला. हो, मुद्दामच.

सर आधी अर्धा तास बोलले. पडदा, म्हातारी, ऊन. डोळ्यांना रुमालही लावला. मग सिनेमा लागला, यावेळी पूर्ण. शेवटी बुलडोझर येतो आणि ते ग्रंथालय पाडतात. म्हातारी औषधालाही नाही.

आमच्या एक रिटायर्ड डॉक्टरीणबाई पुस्तक घेऊनच आल्या होत्या. "सॉरी हं सर, पण तुम्ही तर ऊन पाहिलंत ना?"

सर लालबुंद झाले. माझ्याकडे बोट दाखवून ओरडले, "ते सगळे परिचय हिने लिहिलेत! चूक हिची आहे!"

भरल्या हॉलमध्ये! या एका वाक्यासाठी मी किती वर्षं जळत होते. मी उभी राहिले. "हो सर, चूक माझीच. आणि पुस्तकही माझंच, नाही का?"

सरांनी कोट उचलला. मी त्यांना कॅब बुक करून दिली, स्टेशनवर सोडायला गेले नाही. आई म्हणाली, "या वयात त्यांची लाज काढलीस." काढली. मला त्याचं तसूभरही वाईट वाटत नाही.

आता तुमचं. पानांवर माझं नाव नसायचं, पण ती कोण लिहितं हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. पुस्तक आलं तेव्हा तुमच्यातल्या एकानेही तोंड उघडलं नाही. टाळ्या मात्र वाजवल्यात. आणि आता विचारता, घरी कधी येतेस?

आपल्या बाजूने कुणीतरी बोलतं, त्याला मी घर म्हणते. तुमच्यातलं कुणीतरी एकजण आधी बोला. मग तिकीट काढते.