मधल्या खांबापाशी वडिलांचा खोकला

१९८३ सालच्या दिवाळीनंतरचा रविवार, दुपारचे दोन. डब्यातले अडीचशे रुपये कपाटात वेगळे काढून ठेवलेले होते. त्यांतले दहा बार्शीच्या कानाच्या डॉक्टरांची फी, बाकीचे एस.टी.चं भाडं आणि कानाचं मशीन लागलंच तर त्यासाठी. घरात हजर आम्ही तिघं: आई, माझी पत्नी आणि मी. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आईला बार्शीला न्यायचं होतं, आणि त्यावरून आई सकाळपासून माझ्याशी बोलत नव्हती.

कळंबजवळच्या आमच्या गावात मी दूध सोसायटीचा सचिव. रोज पहाटे दुधात लॅक्टोमीटर बुडवायचा, आकडा वाचायचा, वहीत मांडायचा, हे माझं काम. आदल्या वर्षीच्या बोनसमधून मी कळंबच्या एका मेकॅनिककडून टेपचा डेक, अॅम्प्लिफायर आणि सागवानी खोक्यांतले दोन स्पीकर घेतले होते. घर माळवदाचं, सपाट मातीच्या छताचं. एक खोकं डाव्या कोनाड्यात, दुसरं उजव्या. माझं टेबल उजव्या कोनाड्याशेजारी, पत्नीची चूल डाव्या बाजूच्या दारापलीकडं. आई बसायची मधल्या खांबाला टेकून. ती जागा तिची, लग्न होऊन आली तेव्हापासूनची.

सेट घेतला तो एका कॅसेटसाठी. वडील जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. ते गेले त्याच्या आदल्या उन्हाळ्यात माझ्या मेहुण्यानं आपल्या लहान टेपवर त्यांना बोलतं केलं होतं. वीस मिनिटं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर हजेरी कशी लागायची, रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीच्या भाकरी कशा घशाखाली उतरत नसत, आईनं कामावर वाटलेली सुकडी पदरात बांधून चार कोस कशी आणली, हे सगळं त्यात आहे. अकराव्या मिनिटाला ते थांबतात, खोकतात आणि आत हाक मारतात, "अगं, च्या टाक दोन कप. गूळ घाल, साखर न्हाय." तेवढ्यासाठी आई दर रविवारी ती कॅसेट लावायला सांगायची.

दसऱ्यानंतरच्या रविवारी ती म्हणाली, "आवाज पोकळ येतुय."

मी आवाज वाढवला.

"मोठा नगं. पोकळ हाय म्हनते म्या. खोकला कुठं गेला त्यांचा? त्यांच्या खोकल्याला छाती होती. ह्यो कुनाचा तरी घशातला हाय."

मला माझ्या टेबलापाशी खोकला स्पष्ट ऐकू येत होता. पत्नीलाही चुलीपाशी येत होता. दोन विरुद्ध एक, असा मी हिशेब केला. वय पासष्टच्या पुढं, म्हणजे कान गेले. त्यानंतरच्या रविवारांना आईनं कॅसेट लावायला सांगणं सोडून दिलं. एकदा पत्नीला म्हणाली, "त्यांचा आवाज मला वळखू येईना झालाय. लावून काय करू?" पत्नीनं मला ते सांगितलं आणि मी बार्शीच्या डॉक्टरांचा पत्ता काढला.

बार्शीला जायच्या आदल्या दिवशी, त्या रविवारी मला वाटलं, डॉक्टर विचारतील की किती आवाजावर ऐकू येतं. आकडा लिहून न्यावा. आई अंगणात शेंगा निवडत होती. मी कॅसेट लावली, आवाजाचं बटण चारवर ठेवलं आणि वही घेऊन खांबाला टेकून बसलो. वर्षभरात त्या जागेवर मी एकदाही बसलो नव्हतो.

खोकला आला तो घशातलाच. वडिलांच्या आवाजाचा खालचा भाग कुणी विळ्यानं कापून नेल्यासारखा. मी कॅसेट मागं घेतली, दोन फूट उजवीकडं सरकलो. छाती परत आली. पुन्हा खांबापाशी बसलो, गेली. मोजायची टेप आणून अंतर मोजलं. डावं खोकं साडेसहा फूट, उजवं साडेसहा फूट. आई बरोबर मध्यावर बसत होती.

मेकॅनिकनं सेट देताना सांगितलं होतं, दोन्ही स्पीकरचे पडदे एकाच वेळी पुढं आले पाहिजेत, एकाच वेळी मागं गेले पाहिजेत. शंका आली तर बॅटरीतला सेल लावून बघा. मी अॅम्प्लिफायर बंद केला, वायरी सोडवल्या, खोक्यांवरचं कापड काढलं. पत्नी टॉर्चमधला सेल घेऊन आली. डाव्या खोक्याच्या लाल खुणेच्या स्क्रूला सेलचं टोक आणि दुसऱ्याला बूड क्षणभर टेकवलं. टक् झालं, कागदी पडदा पुढं आला. उजव्याला तसंच टेकवलं. टक् झालं आणि पडदा आत गेला.

"आत गेला," पत्नी म्हणाली.

चार वेळा केलं. चारही वेळा आत.

वडिलांचा आवाज एकाच माईकवर घेतलेला, म्हणून दोन्ही खोक्यांतून सारखाच निघे. एक पडदा पुढं जाई तेव्हा दुसरा मागं. कडेला बसणाऱ्याला एकाच खोक्याचा आवाज जास्त मिळे. मध्यावरच्या माणसाच्या वाट्याला दोन्हींची वजाबाकी येई.

पण दसऱ्याआधी तर सगळं ठीक होतं. मी उजव्या खोक्याची लाल खूण नखानं खरवडली. ती रंगाची नव्हती. कुंकवाची होती.

घटस्थापनेआधी घर सारवायला खोकी खाली काढली होती. पत्नीनं ती रॉकेलच्या फडक्यानं पुसली, त्यात मेकॅनिकच्या खुणा गेल्या. खंडेनवमीला कोयता, तराजू, माझी सायकल, सोसायटीचा लॅक्टोमीटर यांच्या ओळीत खोकीही पुजेला मांडली. दसऱ्याच्या संध्याकाळी मी लाल ठिपका बघून लाल वायर जोडली आणि मोकळा झालो.

आईला अंगणातून बोलावलं. "खोक्यांना कुंकू मागल्या बाजूनं का लावलंस?"

"म्होरलं कापड नवं हाय. डाग पडला असता तर तूच वरडला असतास."

डाव्या खोक्यावर तिचं बोट नेमकं योग्य स्क्रूपाशी पडलं होतं, उजव्यावर दुसऱ्या. मी तिला सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजी माझं कान शाबूत हायत."

"हायत."

"आन् तुमी दोगं शिकल्यालं."

पत्नी पदराआड हसली. म्हणाली, "आत्याबाई, मी तर चौथीच शिकले."

मी उजव्या खोक्याच्या वायरी उलट्या जोडल्या. आई खांबाला टेकून बसली, पाय पोटाशी घेतले. खडी, हजेरी, मिलो, सुकडी. मग वडील थांबले आणि खोकले. आईनं डोळे मिटले. "अगं, च्या टाक दोन कप," वडील म्हणाले.

"टाकते," ती म्हणाली. उठली मात्र नाही. कॅसेट संपेपर्यंत तशीच बसून राहिली. चहा पत्नीनं केला, गुळाचा.

संध्याकाळी मी ते अडीचशे रुपये पुन्हा डब्यात ठेवायला घेतले, तेव्हा तिनं हात पुढं केला. "डाक्टरची फी हिकडं दे. तुमा दोगांचं कान तपासलं कुनी?"

सेल घरातलाच, त्याचा खर्च शून्य. एकूण खर्च दहा रुपये, आईला दिले. तिनं नोट पदराच्या गाठीत बांधली.