शहादेवमामांचा टॅको

बीडजवळच्या पालीच्या आमच्या शहादेवमामांना लेकीनं पुण्यात मेक्सिकन टॅको खाऊ घातला, आणि तेव्हापासून त्यांना घरचं जेवण गोड लागेना. वत्सलामामीनं ठेचा वाढला की "रोज रोज तेच कावून?" म्हणत ताट सरकवतात. दर शनिवारी बीडच्या हॉटेलात जाऊन टॅको खातात आणि गावभर सांगत फिरतात, "मेक्सिकन खावं तर शहरातच!"

मागच्या शनिवारी त्यांनी मलाही नेलं. टॅको आला. पहिल्याच घासाला मामांचं तोंड वाकडं झालं. "लई मिळमिळीत हाय," म्हणत त्यांनी खिशातून मामीच्या ठेच्याची डबी काढली आणि निम्मी टॅकोत रिकामी केली. मग डोळ्यांतलं पाणी पुसत मला विचारलं, "सांग, ही चव पालीत मिळंल का?"