डायरेक्ट न करणारा देवराव

देवराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी संत्र्याच्या बागेत आळी करत होतो. शेलूबाजारला त्याच्या दुकानाशेजारी बसणारा चहावाला बोलत होता. सकाळी शटर वर करता करता खाली बसले, म्हणाला, ते उठलेच नाहीत. मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. बरं काय होतं त्यात... पण वर्षभर आमचं बोलणं बंद होतं, आणि ज्याच्याशी आपण बोलत नाही त्याच्यासाठी चारचौघांत कसं रडावं ते मला कळेना. मातीला गेलो, सगळ्यांच्या मागे उभा राहिलो, परत आलो.

आमची दोस्ती शाळेपासूनची. तो जळालेल्या मोटरी भरायचा, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळायचा, आणि स्टार्टर जोडायचा. दुसरे वायरमन हिरवं बटण दाबून मोटर फिरली की पान खायला मोकळे. हा मात्र मोटर अर्धा तास पाण्यावर चालवणार, चिमटा मीटरने तिन्ही फेजचा करंट मोजणार आणि मगच ओव्हरलोडचा स्क्रू त्या आकड्यावर आणणार. ओव्हरलोड म्हणजे मोटरीने जास्त करंट ओढला की स्टार्टर पाडून, म्हणजे आपोआप बंद करून, तिला वाचवणारा भाग. तू मोटरीची सोयरीक जुळवतोस की काय, असं मी चिडवायचो. तो हसायचाही नाही, असा रुक्ष माणूस. तरी त्याच्या दुकानातल्या बाकावर बसल्याशिवाय माझा आठवडा जात नसे.

गेल्या उन्हाळ्यात व्होल्टेज पार पडलं. दर वीस मिनिटांनी स्टार्टर पडायचा आणि झाडांवरची फळं सुकत चाललेली. मी देवरावला शेतात बोलावलं आणि ओव्हरलोड डायरेक्ट करून दे म्हणालो, म्हणजे त्याची दोन टोकं तारेने जोडून तो निकामी करायचा. आमच्याकडे निम्म्या विहिरींवर तेच केलेलं असतं.

"मोटर तापून राह्यली म्हणून तो पाडते, गजा. त्याले कायले बंद करतं?"

"माही झाडं वाळून राह्यली. तुह्यं काय जाते?"

त्याने पिशवीत पाने-पकडी भरल्या. "मंग दुसऱ्याकडून करून घे. माह्या हातानं नाही होत."

मी दुसऱ्याकडून करून घेतलं. आठव्या दिवशी मोटर जळाली. कोणत्या तोंडाने त्याच्याकडे जाणार? वाशीमला नेऊन भरून आणली. त्याला कळल्याशिवाय राहणार नव्हतं. तो फोन करेल, दोन शिव्या देईल, म्हणून मी वाट पाहत राहिलो. त्याने केला नाही. मीही केला नाही. आठवड्याचा तो दिवस मग कुठे घालवावा हेच कळत नसे... मी उगाच वाशीमला जाऊन यायचो.

त्याला जाऊन महिना झाल्यावर स्टार्टर पुन्हा सारखा पडू लागला. विचारायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून मीच पेटीचं झाकण उघडलं. डायरेक्ट केलेली तार आत नव्हती. ओव्हरलोड नीट जोडलेला होता. झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला, आणि त्यावर पेन्सिलीने तिन्ही फेजचे आकडे. देवरावचं अक्षर. एकाखाली एक चार तारखा होत्या, चारही आमचं बोलणं बंद झाल्यानंतरच्या. शेवटची तो जाण्याच्या तीन आठवडे आधीची.

शेजारच्या शेतातल्या किसनला विचारलं.

"देवरावदादा येत होते ना, काका. तुमी वाशीमले गेले का येत. मले म्हनत, त्याले सांगू नको, नाही त तो पुन्हा डायरेक्ट करन."

मला राग आला त्या माणसाचा. माझ्या विहिरीपर्यंत येत होता, माझ्याच शेताच्या धुऱ्यावर बसून पाणी पीत होता आणि मी त्याच्या बाकावाचून वाशीमच्या स्टँडवर बसून चहा पीत होतो. मोटरीवर त्याचा जीव होता तेवढा... नाही, हे खोटं आहे. मोटर कोणाची होती ते त्याला ठाऊक होतं.

आता रोज पाणी सोडायला गेलो की मी झाकण उघडून तो कागद पाहतो. चौथ्या ओळीखाली बरीच जागा आहे. मला करंट मोजता येत नाही.