लाल धाग्याची बाजू

मावशीची पांढरी साडी मी एका संध्याकाळी जांभळी केली. मग हिरवी केली, मग पुन्हा जांभळी. कारध्याला वैनगंगेच्या काठावर बुद्धपौर्णिमेचा गाण्याचा कार्यक्रम होता आणि समोर अख्खं गाव बसलं होतं. मी स्टेजच्या बाजूला लॅपटॉप उघडून, आपण फार मोठं काहीतरी करतोय अशा थाटात बसले होते. एक बटण दाबलं की दिव्यांचे पाच-सहा रंग मावशीच्या अंगावरून सरसर फिरायचे. तिसऱ्या कडव्याला मावशी थांबली. पेटीवाल्याने सूर धरून ठेवला, ढोलकीवाल्याने दोन आवर्तनं जास्तीची वाजवली, तरी तिला कडवं आठवेना. डोळ्यांवर हाताची सावली धरून तिने समोर पाहिलं, आणि दुसरंच कडवं पुन्हा म्हणून गाणं संपवलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशी मात्र स्टेजवरून उतरली ती थेट माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"काहून वं, मले सर्कशीतली समजली काय तू?" ती म्हणाली. "समोर नुसता अंधार! एक तोंड दिसलं नाही मले. मी का भिताडाले गाणं आयकवून राहिली?"

मी घाईघाईने लॅपटॉप मिटला.

ही मावशी माझी नव्हे. कारध्यात माझ्या धंद्यातल्या जोडीदाराचं मंडप-डेकोरेशन होतं, त्याची ती सख्खी मावशी. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून त्याच्या धंद्यात शिरले होते. बांबू, ताडपत्री आणि माइक त्याच्याकडे, दिवे माझ्याकडे. त्याची मावशी म्हणून ती माझीही मावशी झाली आणि तिने पहिल्या दिवसापासून मला घरच्या पोरीसारखंच झापलं. दिवसा ती अंगणवाडीत लहान पोरांना सांभाळायची आणि कार्यक्रम असला की पांढरी साडी नेसून गायची. तिच्याजवळ गाण्यांची वही नव्हती. पुढचं गाणं कोणतं, कुठलं कडवं परत घ्यायचं, हे ती समोरच्या माणसांच्या तोंडाकडे पाहून ठरवायची. कुणी म्हातारीने पदर डोळ्याला लावला की ती ओळ तिच्यासाठी पुन्हा यायची. मागे कुणी पेंगायला लागलं की मावशी ढोलकीवाल्याला खूण करायची आणि चाल पळायला लागायची. शब्दसुद्धा तिला त्या तोंडांवरूनच आठवायचे. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून समोरून तेज उजेड आला की तिच्या डोळ्यांपुढे सगळं पांढरं व्हायचं. मी नेमका तोच उजेड तिच्यावर सोडला होता, तोही नाचवत.

दोन दिवसांनी तिने भाच्याला निरोप दिला. पुढच्या वर्षीचा कार्यक्रम शेवटचा. गावाला शब्द दिला आहे म्हणून गाईन, त्यानंतर स्टेज नाही.

माझा स्वभाव तापट. सोल्डरिंग गनपेक्षा मी लवकर तापते, असं माझा जोडीदार येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतो. मी त्याच्याशी भांडले. म्हटलं, नागपूरच्या ऑर्केस्ट्रात असेच दिवे असतात, तुझ्या मावशीला नवीन काही नको. तो शांतपणे वायर गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "तिनं गाणं सोडलं तं मी तुले काही म्हननार नाही. पन मले लय वाईट वाटीन." त्याने ओरडून सांगितलं असतं तर मी आणखी दोन तास भांडले असते. या वाक्यापुढे माझं काही चाललं नाही.

मग वर्षभर आमचं गोदाम प्रयोगशाळा झालं. वेळ मिळेल तेव्हा मावशीला खुर्चीवर बसवायचं, समोर उंचावर दिवे टांगायचे आणि विचारायचं, कसं वाटतं? दिव्यांवर बटर पेपर लावला. मावशी म्हणाली, दवाखान्यात आल्यासारखं वाटते. दुधी प्लॅस्टिक लावलं. म्हणाली, बल्ब दिसत नाही, पण डोळा दुखतोच. पिवळसर एलईडीची पट्टी आणली, मंद केली, आणखी मंद केली. शेवटी ती म्हणाली, आता माहं मलेच दिसत नाही. जोडीदार हसून हसून पोत्यावर आडवा झाला. मीही हसले, पण आतून धास्तावले होते.

उपाय सापडला तो आंधळगावला, माझ्या आई-बाबांच्या घरी. आम्ही कोष्टी. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला त्या वर्षी मी सहावीत होते आणि परीक्षेत जुन्याच जिल्ह्याचा नकाशा काढून मार खाऊन आले होते. तेव्हाही बाबा मागावर बसलेले होते आणि आजही बसलेले होते. मावशीला आमच्या आईच्या हातचं लोणचं हवं होतं, म्हणून मी तिला गाडीवर मागे बसवून घेऊन गेले. ऊन मरणाचं होतं. अंगणात दोरीवर कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, एक लांबच लांब कापड वाळत होतं. मावशी सावलीसाठी त्याच्या आड जाऊन उभी राहिली आणि तिथेच थांबली. मी पाणी घेऊन गेले तर ती मान वर करून त्या कापडातून सरळ सूर्याच्या दिशेने पाहत होती. डोळे उघडे, कपाळावर आठी नाही.

"पोरी, असा उजेड दे ना मले," ती म्हणाली.

मला नाचावंसं वाटलं. वर्षभर मी दुकानं धुंडाळली आणि ज्या कापडाखाली मी रांगायला शिकले ते मला दिसलं नव्हतं. कोशाच्या धाग्याचा रंगच मुळी मधासारखा. त्यातून आलेला उजेड मऊ होऊनच येतो.

बाबांना सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हंजे तू आता दिव्याचं लुगडं करनार?"

"लुगडं नाही बाबा, झालर. स्टेजच्या पुढच्या बांबूवर, उंचावर टांगायची. दोन्ही अंगांना कोसा, मधे एलईडीच्या पट्ट्या. उजेड कोशातून गाळून मावशीच्या अंगावर पडला पाहिजे."

बाबांच्या संदुकीत कोशाचा एक ताका पडून होता. विणताना त्यात दोष राहिला होता, म्हणून तो बाजारात गेलाच नव्हता. बाबांनी तो काढून दिला आणि वर म्हणाले, दोष तुझ्या मावशीच्या डोक्यावर नको, त्या टोकाला घेऊ.

मी पट्ट्या कापून, वायर जोडून दिल्या. माझ्या हातात एक नॉब ठेवला होता. तो फिरवला की सगळी झालर हळूहळू उजळणार आणि हळूहळू मावळणार. रंग नाहीत, नाच नाही. शिवायचं काम मात्र बाबांवर आणि शेजारच्या दोन काकूंवर सोपवलं, कारण लग्नसराई होती आणि तुमसरला माझी एकामागून एक कामं लागली होती. तिथूनच फोनवर बाबांना बजावलं, "सुलट बाजूला तेवढा लाल धागा बांधून ठेवा. म्हणजे टांगताना घोळ नको."

"मले नको शिकवू," बाबा म्हणाले. "सुलट-उलट वयखतच माहा जनम गेला."

झालर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आली. ओसरीवर पसरून मी सगळ्या पट्ट्या लागतात का एवढंच पाहिलं आणि गुंडाळून ठेवली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, वैशाखाच्या उन्हात, लाल धागा मावशीच्या बाजूला येईल अशी ती पुढच्या बांबूवर चढवली. दोन्हीकडून कोसाच, त्यामुळे दोन्हीकडून सारखीच देखणी दिसत होती. उन्हात दिवा लावून काय कळणार! बांबूला वीस ठिकाणी दोरीच्या घट्ट गाठी मारल्या आणि मी आनंदाने भजी खायला गेले.

दिवस बुडाला. पैलतीरी भंडाऱ्याचे दिवे लागले. सतरंज्या भरल्या. बाबा पहिल्यांदाच माझं काम बघायला आले होते आणि इस्त्रीचा सदरा घालून तिसऱ्या रांगेत ताठ बसले होते. बुद्धवंदना झाली. मावशी माइकसमोर आली. पेटीचा सूर लागला. तिने डोळे मिटून पहिला आलाप घेतला आणि मी नॉब फिरवला.

उजेड पडला. मावशीवर नाही, लोकांवर.

पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या, त्यांच्या मांडीवरची नातवंडं, उभे राहिलेले गडी, शेवटच्या सतरंजीवरच्या बाया, सगळे मधासारख्या उजेडात बसलेले. आणि मावशी अर्ध्या अंधारात. मागच्या कापडातून झिरपेल तेवढाच उजेड तिच्या पांढऱ्या साडीवर होता. झालर उलटी टांगली गेली होती. तिचा शेवटचा कार्यक्रम, आणि मी तिलाच अंधारात ठेवलं! जोडीदार शिडीकडे धावला. मी पक्कड घेऊन त्याच्या मागे. वीस गाठी, तेवढ्या गर्दीत. मला रडू यायला लागलं होतं.

तेवढ्यात आलाप संपवून मावशीने डोळे उघडले.

ती गायची थांबली. समोर पाहिलं, डावीकडे पाहिलं, पार मागे पाहिलं. तिचं तोंड असं काही उजळलं की मी शिडीच्या पहिल्या पायरीवरच थबकले. तिने आमच्याकडे न बघताच तळहात उंचावला. अंगणवाडीतली पोरं ज्या हाताने गप्प बसतात, तोच हात. जोडीदाराने शिडीवरचा हात काढला.

आणि मग मावशी गायली! आजवर मी तिला पुष्कळदा ऐकलं होतं, पण तशी नाही. कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी आलं, ओळ परत आली. कोपऱ्यातल्या बाया ताल धरू लागल्या, तिने तिथे बोट दाखवलं आणि ढोलकी त्यांच्याकडे वळली. गेल्या वर्षी अडलेलं गाणं आलं. तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी ती क्षणभर घुटमळली. दुसऱ्या रांगेत एक दात नसलेली आजी तेच कडवं ओठांत पुटपुटत होती. मावशीने तिच्याकडे पाहिलं, हसली, आणि कडवं अख्खंच्या अख्खं, खणखणीत म्हटलं. आजीने शेजारणीला कोपर मारलं. मी शिडीवरून उतरले, नॉबपाशी जाऊन बसले आणि तिच्या श्वासाबरोबर उजेड चढवत-उतरवत राहिले. लोक मावशीला पाहत होते, मावशी लोकांना पाहत होती, आणि मला इतका आनंद झाला होता की पक्कड अजून हातात आहे हेही कळलं नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर मी आधी बाबांना गाठलं. "बाबा, लाल धागा कुठल्या बाजूला सांगितला होता मी?"

"मंग! सुलटीलेच तं लाल धागा हाये," बाबा दुखावून म्हणाले. "दिवे नीट लागून राहिले का हे दिसावं म्हनून आमी ते आपल्याकडं तोंड करून शिवले. काम करताना जे अंग आपल्याकडं असते ते उलट. सुलट खालून. तुले का माहीत नाही?"

माहीत होतं. आमच्या घरी बुट्टी विणतात ती उलट्या अंगाने. कापडाची देखणी बाजू खाली असते, विणणाऱ्याला ती काम संपल्यावरच दिसते. कोष्ट्याच्या पोटी जन्मून, तोच माग बघत मोठी होऊन, 'उजेडाची बाजू' म्हणायच्या ऐवजी मी फोनवर नुसतं 'सुलट' म्हणून मोकळी झाले होते. जोडीदाराला हे समजावून सांगितलं तर तो पुन्हा पोतं शोधू लागला.

बाबांना मात्र चूक सहन होईना. झालर खाली उतरवली तसे ते खिशातून सुई-दोरा काढून तिच्यापाशी उकिडवे बसले आणि लाल धागा उसवून दुसऱ्या बाजूला टाचायला लागले. मावशी चहाचा कप घेऊन आली. बाबांचं काम बघून तिने कप खाली ठेवला आणि त्यांचा हात धरला.

"राहू द्या भाऊ. जसा हाये तसाच राहू द्या."

"पन तुमी अंधारात होत्या ना बाई."

"मले पाहून काय करतेत ते? सारे वयखतेत मले." मग ती माझ्याकडे वळली. मी माफी मागायला तोंड उघडलं होतं, पण तिने बोलू दिलं नाही. "अन् पोरी, पुढच्या वर्षी हे दोन हात लांब कर. डाव्या कोपऱ्यातल्या बाया मले बराबर दिसल्या नाही."

पुढच्या वर्षी, म्हणाली ती. जोडीदाराने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मग मी खिशातली वही काढली आणि तिथेच लिहून घेतलं: झालर, दोन हात जास्त, डावीकडे.