निळ्या गळ्याचा सरडा आणि माझी टेंपररी नोकरी

नोकरी टेंपररी असली की किस्से फार साचतात. माणूस सगळीकडे धास्तावून बघतो ना, त्यामुळे त्याला सगळंच दिसतं! मी तेव्हा देवासला संस्थानच्या अजबखान्यात हंगामी कारकून होतो.

एकदा ऑर्डर आली, की एक गोरे साहेब आमच्या माळावरचा वीतभर सरडा पाहायला येणार. त्यातल्या नराच्या गळ्याखाली निळी घडी असते, ती तो पंख्यासारखी उघडतो. दिवाणसाहेब म्हणाले, "जोशी, साहेबांसमोर पंखा उघडला तर तुम्ही पक्के. नाहीतर घरी!"

*

सरडा धरायला नंदराम शिपाई गेला. वाघाच्या हाक्याला न डरणारा हा गडी धापा टाकत परत आला. "बाबूजी, यो तो दो पग पे भाग्यो!"

घाबरला की तो मागच्या दोन पायांवर पळतोच, असं मी समजावलं. नंदराम म्हणाला, "तो फिर पकड़ूँ कि राम-राम करूँ?"

*

देवास गाव एक, राजे दोन. रस्त्याची ही बाजू थोरल्या पातीची, ती धाकटीची. सरड्याने रस्ता ओलांडला आणि नंदराम अलीकडेच थांबला. मी पलीकडच्या कचेरीत अर्ज धाडला. उलट विचारणा आली, "सरडा मूळचा कोणत्या पातीचा?"

उत्तर लिहीपर्यंत सरडा आपणच परत आला!

*

सरडा पिंजऱ्यात आला, पण साहेबांचं येणं लांबलं. गळ्याचा रंग विणीच्या दिवसांपुरताच, पुढे तो फिका पडतो. ज्येष्ठ सरत आला. मी उठून आधी पिंजरा बघायचो, मग देव. बायको वैतागली, "त्याला नाकतोडे वेळेवर, आणि तुमचं ताट तसंच!"

*

साहेब यायच्या दिवशी सरडा हलेना. दुसरा नर दिसल्याशिवाय तो पंखा उघडत नाही. दुसरा नर आणू कुठून? खोलीत कोणी नव्हतं. मी निळा रुमाल हनुवटीखाली धरला, पिंजऱ्यासमोर उकिडवा बसलो आणि मान खालीवर करू लागलो.

मागे बूट वाजले. साहेब! मेलो, म्हटलं.

साहेब शेजारी उकिडवे बसले आणि तेही मान हलवू लागले. सरड्याने पंखा उघडला!

तेवढ्यात दिवाणसाहेब मानकऱ्यांना घेऊन दारात आले. दरबारी रिवाज असा, की पाहुणा करील ते सगळ्यांनी करायचं, आणि पाहुण्याआधी थांबायचं नाही. दिवाणसाहेबांनी अंगरखा सावरला आणि ते माझ्या दुसऱ्या बाजूला उकिडवे बसले. मागे सात मानकरी बसले. सगळ्या पगड्या खालीवर, खालीवर.

मान हलवता हलवताच दिवाणसाहेब माझ्या कानाशी कुजबुजले, "जोशी, नोकरी पक्की. पण हे आता थांबवायचं कोणी?"