तेविसावा खांब

काशीत जन्मले, घाटावर वाढले, तरी संकेत, आत्मे वगैरे मला कधीच पटलं नाही. म्हणून हे लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतंय...

आमचं घर ब्रह्माघाटाजवळ. मी आणि माझा मोठा भाऊ, दादा, एकाच आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंगची कामं करायचो. गेल्या श्रावणात तो हार्ट अटॅकने गेला. त्याचं अर्धवट राहिलेलं काम माझ्याकडे आलं — अमृतराव घाटाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांचं रेलिंग.

एकेक खांब काढत बसण्यापेक्षा मी कॉम्प्युटरने ते आपोआप काढावेत म्हणून छोटी स्क्रिप्ट लिहिली. या रेषेवर, दर दीड मीटरला एक, असे चाळीस खांब. चालवली तर एकोणचाळीस आले. तेविसावा नाही.

कोडमध्ये चूक नव्हती. नवी फाइल घेतली, कॉम्प्युटर बदलला... तेविसाव्याची जागा मोकळीच. शेजारच्या टेबलावरच्या मिश्राजींनी सगळं स्वतः टाइप करून पाहिलं.

"अरे बहनजी, गिनती तो पूरी कर रहा है, बस एक रखता नहीं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन घाटावर गेले. मोजत मोजत त्या जागी पोचले, तर तिथे एक म्हातारी फुलवाली टोपली घेऊन बसलेली. मी खडूने खूण करायला वाकले.

"यहाँ लोहा मत गाड़िए, बिटिया. हम टोकरी लेके यहीं से उतरते हैं. जो भैया नापने आते थे, उनसे बात हो गई है. बोले, अम्मा, आपका रास्ता छोड़ देंगे."

"कौन भैया?"

"चश्मेवाले. रोज मोगरा ले जाते थे, बहन के लिए... अब आते नहीं."

मी तिथेच पायरीवर बसले. उन्हाळाभर संध्याकाळी दादा मोगरा आणायचा. कुठून आणतोस, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

त्याची वही, फाइली, मेल, सगळं उलथून पाहिलं. या बोलण्याची नोंद कुठेच नाही.

मी स्क्रिप्टची एक प्रत काढून तिच्यात एक ओळ वाढवली, तेविसावा वगळ म्हणून. साहेबांना कारण सांगितलं, ड्रॉइंग मंजूर झालं. मग सहज जुनी स्क्रिप्ट, जशीच्या तशी, पुन्हा चालवली.

चाळीस. सगळे ओळीत.

"लो, ठीक हो गया!" मिश्राजी खूश. मी जिन्यात जाऊन रडले.

असं का झालं, मला आजही सांगता येणार नाही. जेवणाच्या सुट्टीत कधीकधी ती जुनी स्क्रिप्ट चालवते. एकदा तरी एक कमी येऊ दे रे, दादा... असं मनात म्हणते, आणि मोजते.

चाळीसच येतात.