नर्सबाईच्या सोबतीला कोण

बुधवार, १३ मार्च १९९१. सकाळी ढग, दुपारी ऊन. बोट उद्या पहाटे येते असं रेडिओवर सांगितलं. नर्स येणार आहे. राहायची जागा पसंत पडली तर थांबेल, नाही तर त्याच बोटीने संध्याकाळी परत. दादाच्या पायाची पट्टी बदलली. जखम अंगठ्याखाली सरकली आहे. वन्संना रात्रभर खोकला. झोप नाही.

शेवटचे दोन शब्द सिदोनीने इतके दाबून लिहिले की ते खालच्या पानावरही उमटले.

ती नऊ वर्षांची असताना बापाने तिला होडीत घालून पलीकडच्या बेटावर, मठातल्या सिस्टरांच्या शाळेत नेऊन सोडलं होतं. फ्रेंच, भरतकाम आणि रोज संध्याकाळी दिवसभराचं चार ओळींत लिहून ठेवायची सवय, एवढं घेऊन ती परत आली. शाळेत एका लांबलचक दालनात चाळीस खाटा होत्या. त्याआधी घरी एका चटईवर सगळी भावंडं. मग आंब्रोआजशी लग्न झालं, आणि घरात सासू, दीर, मुलं. मुलं एकेक करून राजधानीत, पापेएतेला नोकरीला गेली, आणि चार वर्षांपूर्वी आंब्रोआज गेला. त्याला पुरून लोक घरोघर परतले त्याच संध्याकाळी त्याची थोरली बहीण उर्सुल काखोटीला चटई मारून दारात उभी राहिली.

"एकटीने झोपायचं नसतं," एवढंच ती म्हणाली आणि आत आली. ती आजपर्यंत गेली नव्हती.

यात उर्सुलचं चुकलं असं फातु हिवा बेटावर कोणीच म्हटलं नसतं. मेलेली माणसं एकट्यादुकट्याला हुडकत येतात हे इथे रांगत्या पोरालाही ठाऊक. रात्री दिवा विझवायचा नाही आणि कोणाला एकटं झोपू द्यायचं नाही. पाहुण्याला तर नाहीच. ते त्याला उपाशी ठेवण्यासारखं. म्हणून उर्सुल रोज येई, मोठा दिवा लावी, गेल्या साठ वर्षांत कोण कोण कसं मेलं ते सांगे, आणि मग असं घोरे की मेलेल्यांनीही दुसरं घर बघावं. सिदोनी डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडे. तक्रार करायची सोय नव्हती. नणंद आपली झोप मोडून सोबतीला येते, आणि हिला त्याचा जाच होतो?

पण यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात चिडायचं नाही असं तिने ठरवलं होतं, आणि बोट आली त्या गुरुवारी ते तिला दुपारपर्यंतही जमलं नाही.

मेयर ओनोरे सकाळीच तिला घ्यायला आला. "मावशी, चला. नर्सबाईशी बोलायला तुमच्यासारखं फ्रेंच कोणाला येतंय?"

"मला माझ्या दादाची काळजी आहे म्हणून येते. तुझ्या फ्रेंचची नाही."

तिचा दादा म्हणजे तिमाऊ. सख्ख्यांपैकी तेवढाच उरलेला. साखरेच्या आजाराने पाय नासत चालला होता. आधीची नर्स नाताळात लग्न करून गेली, आणि ती राहायची ती दवाखान्यामागची खोली जानेवारीत ओढ्याच्या लोंढ्यात वाहून गेली. नवी नर्स टिकली नाही तर तिमाऊला पलीकडच्या बेटावर, आतुओनाला, इस्पितळाजवळ कायमचं जाऊन राहावं लागणार होतं. गावातले जे जे तसे गेले ते परत आले ते पेटीतून. तिमाऊने सांगून टाकलं होतं, "मला न्यायला निघालात तर अर्ध्या वाटेत समुद्रात उडी घेईन. मासे पाय आधी खातील, तेवढीच सुटका." हसत बोलला होता, पण सिदोनी त्याला पंचाहत्तर वर्षं ओळखत होती.

बोटीवरून माणसं किनाऱ्याला आणणाऱ्या मचव्यातून नर्स उतरली ती गुडघ्यापर्यंत भिजलेली, तीस-बत्तीसची, सडपातळ. नाव सोलेन. सिदोनीला तिचा चेहरा आवडला. बोलताना समोरच्याकडे बघत होती.

पहिलं घर खुद्द ओनोरेचं. त्याच्या बायकोने सर्वांत मोठी खोली रिकामी केली होती. गुलाबी मच्छरदाणी, नवी गादी, उशाशी फुलांचा गुच्छ. आधी खाणं झालं: नारळाच्या दुधातलं बकरं, भाजलेला नीरफणस, पपनस. सोलेन खूश दिसली. मग तिचं लक्ष खाटेच्या दोन्ही बाजूंना अंथरलेल्या चटयांकडे गेलं.

"या कोणाच्या?"

"माझ्या मुलींच्या," ओनोरेची बायको म्हणाली. "एक इकडे, एक तिकडे. तुम्ही कूस बदललीत तरी कोणीतरी समोर असणारच."

सिदोनीने भाषांतर केलं. सोलेनने विचारलं, त्या दुसऱ्या खोलीत नाही का झोपणार? ओनोरेची बायको कळवळून म्हणाली, "लाजू नका हो बाई. मुलींना काही त्रास नाही."

दुसरं घर बेंजामेंचं. तो चर्चमध्ये प्रार्थना चालवतो. पक्कं, फरशीचं घर. इथे पुन्हा खाणं, कच्चा मासा लिंबात मुरवून आणि वर आंबवलेल्या नीरफणसाचा मोठा गोळा. खोलीत चटई नव्हती. सोलेनने सुटकेचा निःश्वास टाकला.

"दाराला आतून कडी आहे का?" तिने विचारलं.

कडी? बेंजामें आणि त्याची बायको एकमेकांकडे बघत राहिले. मग बायकोच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "अगं बाई, तिला पुरुषांची भीती वाटतेय!" तिने लगेच आपल्या आईला हाक मारली. म्हातारी आली, दणकट, दातात तंबाखू. ती उंबऱ्यात आडवी झोपेल, तिच्यावरून कोणी माईचा लाल जाऊ शकणार नाही.

"तिला सांग ना सिदोनी, मला झोप फार सावध," म्हातारी म्हणाली. "ती उठली की मी उठलेच समज."

सिदोनीने तेही सांगितलं. सोलेन पांढरी पडली.

वाटेत तिने सिदोनीचा दंड धरला. "बाई, मी चार वर्षं इस्पितळात रात्रपाळी केली. दिवसभर माणसं, रात्रभर माणसं. इथे मी फक्त एका गोष्टीसाठी अर्ज केला. दार लावून झोपायचं आहे मला. एकटीला. इतकं अवघड आहे का हे?"

"आमच्या खोलीत चाळीस खाटा असायच्या," सिदोनी फणकाऱ्याने म्हणाली. "आम्ही नाही मेलो." आणि लगेच तिला स्वतःचाच राग आला, कारण त्या चाळीस खाटांमध्ये रात्री ती पांघरूण डोक्यावर ओढून काय मागायची ते तिला नीट आठवत होतं.

तिसरं घर सोलेनने स्वतःच शोधलं. वरच्या अंगाला, जुन्या दगडी जोत्यावरचं, दोन वर्षं बंद. दार, कडी, खिडकीतून समुद्र. "हे! हेच!" ती म्हणाली आणि पायरीवर बसली सुद्धा.

मागून आलेल्या बायका अलीकडेच थांबल्या. ते जोतं पूर्वजांचं. तिथे दिवसाही कोणी मोठ्याने बोलत नसे.

"मावशी, हिला सांगा," ओनोरे हळू आवाजात म्हणाला, "इथे राहिली तर रात्री औषधाला कोणी वर येणार नाही."

"मीही नाही येणार," बेंजामें म्हणाला. "आणि मी तर प्रार्थना चालवतो."

"तिला आवडलंय ना पण," ओनोरेची बायको म्हणाली. तिचं मन मोठं होतं; तोच तर घोटाळा होता. "मग आपणच सोबतीला येऊ. सहा-सातजणी मिळून आलो की काही होत नाही." आणि बघता बघता चढावर डोक्यावर गाद्या घेतलेल्या बायकांची रांग लागली. एकीने गिटार आणली होती. बेंजामेंची सासू उंबरा मापत होती.

सोलेन उठली, आपली बॅग उचलली आणि धक्क्याकडे चालू लागली.

"काय झालं?" बायका विचारू लागल्या. "गादी कडक वाटली का?"

"तुमचं डोकं कडक आहे!" सिदोनी ओरडली. "तिला एकटं राहायचंय! एकटं! तिने मूठभर मीठ मागितलं असतं तर पोतं दिलं असतंत, आणि एवढंसं मागितलं तर गिटार आणता?"

"एकटं कोणाला राहायचं असतं?" ओनोरेची बायको दुखावून म्हणाली. "असं कसं कोणी मागेल?"

बोटीचा भोंगा वाजला.

धक्क्यावर तिमाऊ उलट्या घातलेल्या होडीवर बसला होता, पाय प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण नर्सच्या हातातली बॅग त्याला दिसली. क्षणभर त्याचा चेहरा उतरला. मग तो नेहमीसारखा हसला. "सिदोनी, त्या पोरीला सांग, माझ्याकडे राहा म्हणावं. माझ्या पायाचा असा वास येतो की गावातलं एक माणूस सोबतीला फिरकणार नाही."

सिदोनीने ते जसंच्या तसं सांगितलं. सोलेन हसली नाही. तिने बॅग खाली ठेवली, वाळूत गुडघे टेकले आणि पिशवी सोडली. बघता बघता तिचा चेहरा बदलला, थकलेल्या प्रवाशाचा होता तो कामावरच्या बाईचा झाला. तिने कुठे कुठे दाबून बघितलं. "पट्टी कोण बांधतं?"

"मी."

"चांगली बांधता. पण हे पट्ट्यांवर निभणार नाही. रोज साफ करावं लागेल, निदान पाऊस संपेपर्यंत. तरी पाय राहील की नाही सांगता येत नाही." तिने पिशवी पुन्हा बांधली. "बाई, मी झोपलेच नाही तर हे हात थरथरतील. मी स्वतःला ओळखते."

मचवा लाटेवर वरखाली होत होता. खलाशी शिव्या घालत होते. मागे अख्खं गाव गाद्या घेऊन उभं.

त्याक्षणी सिदोनीला जे सुचलं ते तिला चार वर्षांपूर्वीच सुचायला हवं होतं, असं तिला नंतर वाटलं. ती वळली आणि गावाच्या भाषेत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नर्सबाई माझ्याकडे राहील. तिला माझी सोबत, मला तिची. झालं?"

कुजबुज थांबली. ओनोरेने डोकं खाजवलं. एका घरात दोन बायका, म्हणजे कोणीच एकटं नाही. कोणाला काही खोड काढता येईना. "हे आधी का नाही बोललात, मावशी?" तो म्हणाला.

सिदोनी सोलेनच्या कानाशी वाकली. "माझ्या घरात दोन खोल्या. मधे भिंत. तू तुझ्या दारामागे, मी माझ्या. रात्री मी येणार नाही आणि तू हाक मारायची नाहीस. लोकांना मात्र सांगायचं की आपण एकमेकींच्या सोबतीला आहोत."

सोलेनने तिच्याकडे नीट बघितलं. "तुम्हालासुद्धा?" तिने विचारलं.

"बॅग उचल. लाट येतेय."

राहिली एक उर्सुल. ती गर्दीतून पुढे आली, दोन्ही हात कमरेवर.

"आणि मी?"

"वन्सं, आता तुम्ही कशाला त्रास घेता? सोबत आली ना मला."

"चार वर्षं! पाऊस बघितला नाही, गुडघे बघितले नाहीत. भावाला शब्द दिला होता म्हणून आले. आणि आज एक परकी पोर मचव्यातून उतरली, तर उर्सुल नको?"

"वन्सं, दादाचा पाय..."

"पाय दादाचा, पण सुटका तुझी झाली. मला काय कळत नाही?" सिदोनीला वर बघता येईना. उर्सुलचा आवाज खाली आला. "माझ्या मुलाच्या घरात नऊ माणसं आहेत गं. तुझ्याकडे निदान पाठ सरळ व्हायची."

हे सिदोनीला ठाऊक नव्हतं. चार वर्षांत तिने कधी विचारलंच नव्हतं, कारण तिचं सगळं लक्ष त्या घोरण्याकडे. "वन्सं, दुपारी या की," ती म्हणाली. "दुपारी या पाठ टेकायला. मी तेव्हा दादाकडे असते. घर मोकळंच."

"रिकाम्या घरात? एकटी? दुपारी काय मेलेले झोपलेले असतात?" उर्सुल म्हणाली आणि निघून गेली.

संध्याकाळी ती आली, पण चटई न्यायला. उशी घेतली, आपला मोठा दिवा घेतला. सोलेनच्या बंद दाराकडे बघून तिने तोंड वाकडं केलं. आतून जड पेटी दाराला लावल्याचा आवाज येऊन बराच वेळ झाला होता.

"ही का तुझी सोबत? भिंतीला टेकून बस आता."

"वन्सं, कॉफी घ्या."

"तुझ्या सोबतीणीला दे." पण ती उंबऱ्यापाशी थांबली. "तिमाऊचा पाय वाचेल म्हणते का ती?"

"रोज साफ करायचा म्हणते. खात्री देत नाही."

"हं." उर्सुलने चटई काखेत घट्ट धरली. "रात्री कोणी दिसलं तर मला हाक मारू नकोस."

"मारली तरी तुम्हाला ऐकू कुठे येणार?" सिदोनीच्या तोंडून निघून गेलं.

उर्सुल हसली नाही. अंधार पडायच्या आत घरी पोचायला हवं म्हणून ती भराभर उतरून गेली. उद्या चर्चमध्ये ती वेगळ्या बाकावर बसणार, आणि परवाही, हे सिदोनीला दिसत होतं. तिने वही उघडली.

गुरुवार, १४ मार्च १९९१. बोट आली, गेली. नर्स सोलेन थांबली, माझ्याकडे. दादाचा पाय तिने धुतला. वन्सं रागावल्या आहेत. साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या, डबा पाण्याच्या ताटलीत ठेवला.